ढकलायला माणसं
थोरल्या लेकीच्या लग्नात चिंधाभाऊंची जुनी ॲम्बेसेडर वाफ सोडत थांबली आणि नवरी गाडी ढकलत मांडवात आली. म्हणून धाकटीनं लग्नाला रिक्षाच सांगितली. "गाडीचा दोष नाही, माय," चिंधाभाऊ म्हणाले. "सुरतच्या उन्हात थर्मोस्टॅट कशाला, म्हणून मिस्त्रीनं काढून टाकलेला. तो नसला की तापलेलं पाणी रेडिएटर टाळून इंजिनातच फिरत राहतं." हळदीच्या सकाळी त्यांनी नवा थर्मोस्टॅट चहाच्या पातेल्यात उकळायला टाकला. पाणी तापल्यावर झडप उघडली तरच तो इंजिनात बसवायचा. "माझ्या भाजीकडे कधी असं टक लावून पाहिलं नाही," बायको म्हणाली. झडप उघडली, थर्मोस्टॅट बसला, रिक्षा रद्द झाली. लग्नादिवशी डिंडोली ते कडोदरा नवरीनं नवऱ्याचा विचार सोडून तापमानाच्या काट्यावरच लक्ष ठेवलं. काटा मध्यावर राहिला. मांडवाशी व्याह्यांनी गाडी ढकलायला चार पैलवान उभे केले होते. नवरी ऐटीत उतरली. व्याही जरा हिरमुसले. म्हणाले, "आणलेच आहेत, तर नाचू द्या."