मोहिमेतली जागा

"त्या माशानं होडी उलटवली काय?" तात्यांनी विचारलं.

"नाही हो. मासे लांब होते. लाटच मोठी आली," प्रोफेसर म्हणाले.

तात्यांनी नुसती मान हलवली. त्यांचा नृसिंह पॅसिफिकमधल्या कुठल्याशा बेटांपाशी कुबडाच्या देवमाशांचा अभ्यास करायला गेला आणि बुडाला. देहसुद्धा सापडला नाही. तेराव्याला सगळी भावकी रडली, तात्यांच्या डोळ्यांत टिपूस आला नाही. दुसऱ्या दिवशी ते शाहूपुरीत आपल्या गुळाच्या अडतीच्या दुकानात जाऊन बसले. सौदे होत राहिले, हमाल ओरडत राहिले. तात्यांना ते सगळं भिंतीपलीकडून आल्यासारखं ऐकू येई.

आज मोहिमेचे प्रमुख असलेले हे प्रोफेसर स्वतः मुंबईहून भेटायला आले होते. सून कालिंदीनं चहा आणून ठेवला आणि ती दाराशी उभी राहिली. ती आणि नृसिंह एकाच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. तीही रडली नव्हती.

प्रोफेसरांनी नृसिंहानं काढलेले फोटो पुढं केले. पाण्याबाहेर उचललेल्या शेपट्या. प्रत्येकीवर पांढरे-काळे डाग निराळे. त्यावरून एकेक मासा ओळखायचा. तात्यांनी ते बघितले आणि परत दिले.

"एवढ्या मुलखात तुमास्नी माझंच पोरगं घावलं व्हय?"

प्रोफेसरांनी कालिंदीकडं बघितलं. ती खाली बघत होती.

"आम्ही कालिंदीबाईंना बोलावलं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "या विषयात काम त्यांचंच होतं. तुम्ही नको म्हणालात, म्हणून..."

इतके दिवस जे तात्यांनी मनात येऊ दिलं नव्हतं, ते आता समोर येऊन बसलं. घराच्या याच पुढच्या सोप्यात ते गरजले होते, आमच्या घरची सून समुद्रावर न्हाई जायाची. जायाचंच असंल तर नृसिंह जाईल. ही जागा कालिंदीची आहे, असं नृसिंह एकदा म्हणाला. बापापुढं दुसऱ्यांदा बोलायची त्याची रीत नव्हती.

"जागा अजून रिकामी आहे," प्रोफेसर चाचरत म्हणाले. "आज विचारू नये, पण पुढच्या हंगामाला कोणीतरी लागेल."

चहावर साय धरली. तात्यांनी सुनेकडं मान वळवली.

"जातीस?"

कालिंदीनं वर बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं.

"मला तेव्हाही जायचं होतं, तात्या."