कॅमेऱ्याबाहेरचं ऊन

"आत्या, उठा बरं. काल डॉक्टर काय म्हणाले?" अनितानं ठमाबाईंच्या हाताला धरलं.

ठमाबाई खुर्चीतून हलल्या नाहीत. खुर्ची पोर्चमध्ये होती, पक्क्या सावलीत. कळंबच्या या बंगल्यात त्या एकट्याच राहत. जमीन वाट्यानं दिलेली, गोठा रिकामा. शेजारची अनिता सोडली तर दिवसभर हाक मारायला कुणी नाही.

पावसाळ्यापासून त्यांचं आजारपण हटत नव्हतं. सर्दी गेली की खोकला, खोकला गेला की ताप. काल अनितानं त्यांना बारामतीला नेलं, तर रिपोर्ट बघून डॉक्टर हसलेच. "आजी, जन्मभर उसात राबलात आणि अंगात ड जीवनसत्त्व नाही? ते कमी पडलं की हाडं दुखतातच, पण रोगाशी झुंजायची ताकदही उणावते. औषध देतो, पण रोज थोडं उन्हात बसा." आता कळंबला ऊन कमी आहे असं कोण म्हणेल?

"बसले असते गं," ठमाबाई म्हणाल्या. "पर अंगणात बसलं तर नागेशला दिसायची न्हाय मी."

नागेश त्यांचा मुलगा, पुण्यात नोकरीला. गेल्या दिवाळीत त्यानं दारावर कॅमेरा बसवला आणि म्हणाला, "आई, आता तू रोज माझ्या डोळ्यांसमोर." त्याच्या मोबाईलवर पोर्च तेवढा दिसायचा. तेव्हापासून फोन कमी झाले. डोळ्यांसमोरच्या माणसाला फोन तरी कशाला करायचा? ठमाबाईंची त्याबद्दल तक्रार नव्हती. सकाळी वेणीफणी करून, धुवट लुगडं नेसून त्या खुर्चीत बसायच्या. चहाचा कप तोंडाला लावण्याआधी जरा वर बघायच्या. खोकला आला की तोंड फिरवायच्या, पोराच्या जिवाला घोर नको म्हणून.

"तुमी दिसला न्हाय तर फोन करतील की," अनिता म्हणाली. "त्या निमित्तानं बोलणं तरी हुईल."

हे मात्र ठमाबाईंना पटलं. त्या उठल्या.

अनितानं गोठ्यापाशी उन्हात घोंगडं अंथरलं. दोघी सुपात हुलगे घेऊन निवडत बसल्या. ठमाबाईंनी मोबाईल मांडीवर ठेवला होता. हुलग्यातले खडे त्यांच्या हातून सुटत होते, कारण लक्ष सगळं मोबाईलवर.

"आता बघितलं असंल त्यानं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "जीव खालवर झाला असंल लेकराचा."

"आपणच लावू का फोन?"

"नगं. कामात असतोय."

पाठीला ऊन लागत होतं. बरं वाटत होतं, पण ते कबूल करायला त्यांना सवड नव्हती.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा फोन वाजला. ठमाबाईंनी घाईनं स्पीकर लावला. त्यांना कमी ऐकू यायचं.

"आई, बरी आहेस ना?"

"बरी हाय. तू घाबरला न्हाईस न्हवं?"

"घाबरू कशाला? सकाळपासून बघतोय की तुला. मस्त निवांत बसलीयस खुर्चीत. बघून बरं वाटलं."

अनिताचा सुपातला हात थांबला. तिनं पोर्चकडं बघितलं आणि लगेच मान खाली घातली. दोघी उन्हात आल्यापासून खुर्ची रिकामीच होती.

ठमाबाईंना रडू आलं नाही. अनिता शेजारी असून एवढ्या मोठ्या अंगणात आपण एकट्याच आहोत, असं मात्र त्यांना एकदम वाटलं.

"व्हय रे बाळा," त्या म्हणाल्या. "खुर्चीतच हाय मी."

फोन ठेवून त्या पुन्हा हुलगे निवडू लागल्या. अनितानं दोन-चार खडे वेचून बाजूला टाकले. मग हळूच म्हणाली, "ऊन लई झालं, आत्या. चला, परत खुर्चीत बसवते तुमाला."

"ऱ्हाऊ दे," ठमाबाई म्हणाल्या. "आता कुठंबी बसलं तरी चालतंय."