दिसतं तेच

मॉडेल आली नाही, म्हणून आज सर स्वतःच खुर्चीत बसले. दुपारी उठून त्यांनी विद्यार्थिनीचा कॅनव्हास पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"ओठांचं एक टोक खाली घसरलंय," ते शब्द चावत म्हणाले. "मनातलं काढू नकोस, दिसतं तेच काढ."

"दिसतं तेच काढलंय, सर."

"मग आरसा आण. चित्र उलटं दिसलं की चूक लगेच सापडते."

सर चित्राकडे पाठ करून उभे राहिले. तिने समोर आरसा धरला. आरशात शेजारी शेजारी दोन चेहरे आले, चित्रातला आणि सरांचा.

सरांचा हात हळूहळू ओठांकडे गेला.

"सकाळी सरळच काढले होते," ती म्हणाली. "चहानंतर बदलावे लागले."