कमरेएवढा डवरा

"एवढाच?" साहेब म्हणाला.

रेतीत हातभर खोल डवरा, परातीएवढा, आणि कडेला बसून राही करवंटीनं पाणी कळशीत ओततेय. एक करवंटी भरली की थांबायचं, तळाशी पुन्हा पाणी जमलं की दुसरी. पूर्णगडच्या खाडीकाठची अख्खी वाडी चैत्रापासून या एका डवऱ्यावर, कारण वाडीतली विहीर केव्हाच आटलेली. आणि याच रेतीत साहेबाचा शिपाई लाल फडक्याच्या काठ्या रोवत निघालेला! रेती काढायला कुठला पट्टा द्यायचा ते आजच ठरायचं होतं ना.

साहेब माणूस वाईट नव्हता हां. ओंजळभर प्यायला आणि म्हणाला, "गोड आहे, कबूल. पण दोन कळशांसाठी एवढा पट्टा सोडला तर वरचे मला विचारतील. विहिरीसारखं भरपूर पाणी दिसलं असतं, तर या काठ्या मीच उपटल्या असत्या."

"भरपूर बघायचाय? आत्ता दाखवतो!" राहीचा नवरा आनंदा पुढे झालाच. मुंबईतली गिरणी संपात बंद पडली तेव्हापासून घरी बसलेला, अंगात नुसती रग. शर्ट काढून राहीच्या अंगावर फेकला आणि फावडं उचललं.

"खणू नको रे," त्याची आई आवडाबाई म्हणाली. "हातभरच. त्याच्या खाली जायचा नाय."

"आये, तू गप. साहेब काय रोज येणार हायत?"

"मेल्या, ऐक तरी—"

पण ऐकतंय कोण! रेती उडायला लागली. गुडघ्याएवढा झाला, मांडीएवढा झाला, पाण्याला आलेल्या बायका आपल्या "आणखी, आणखी" करतायत, राहीला तर नवऱ्याकडे बघून हसू आवरेना. आणि कमरेएवढा झाला तसं खालून जे पाणी आलं, भसाभस! बघता बघता आनंदाचे गुडघे बुडाले. एकच ओरडा झाला. साहेबही हसला.

"काढ रे त्या काठ्या," तो म्हणाला, आणि शिपाई पहिल्या काठीकडे वळलासुद्धा.

"प्या ना साहेब! विहीरच झाली ही!" आनंदानं करवंटी भरून वर धरली.

साहेबानं घोट घेतला आणि थुंकून टाकला.

"खारट आहे."

"कायतरीच काय!" आनंदानं स्वतः ओंजळ तोंडाला लावली. तोंड वेडंवाकडं झालं, पण गिळलं त्यानं, सगळ्यांदेखत गिळलं. "मगाशी गोडा होता साहेब. तुमीच प्यायलात."

"मगाशी होतं." साहेबाला वाईट वाटलं, दिसत होतं ते. "पण आता हे पिण्याचं पाणी म्हणून मी कसं दाखवू? राहू दे रे काठी."

शिपायानं सैल झालेली काठी पुन्हा ठोकून बसवली.

"साहेब," आवडाबाई म्हणाली, "वर गोडा, खाली खारा, असाच हाय हितं. पोरानं कमरेएवढा खणलान तर ह्या झाला. तुमची माणसं किती खणतील?"

शिपायानंच सांगितलं, "दोन पुरुष खोल तरी जातात, आजी. रेती लागतेय तोवर."

ते दोघं होडीकडे चालायला लागले. बायका रिकामे हंडे घेऊन तशाच उभ्या.

आवडाबाई खड्ड्याच्या काठावर बसली आणि दोन्ही हातांनी रेती आत लोटायला लागली. आनंदा अजून आतच उभा होता.