मागे न घेतलेलं वाक्य

संपादक हालवर ‘बास’ मासिकाची पाटी भिंतीवरून उचकटत होता, तेवढ्यात दारात सामातार उभा राहिला. ऑस्लोतलं हे हिपहॉपचं मासिक हालवरनेच काढलं, चालवलं आणि आज बंद केलं. रॅपर सामातारच्या पहिल्याच अल्बमच्या त्याने त्यातल्या परीक्षणात चिंधड्या उडवल्या होत्या. त्यानंतर या माणसाचं गाणं कानावरसुद्धा पडू द्यायचं नाही, हा त्याचा हट्ट.

“मयताला आलास?” हालवर खेकसला. “तेव्हा लिहिलेला एक शब्दही मी मागे घेणार नाही.”

“घेऊच नकोस.” सामातारने खिडकी सताड उघडली.

“गार वारा येतोय, बंद कर ती!”

“आधी ऐक.”

समोरच्या शाळेच्या मैदानात पोरं पाय आपटत सामातारचं नवं गाणं म्हणत होती: “हा तोंड उघडतो आणि नुसता बर्फ पडतो!”

हालवरच्या हातातली पाटी निसटली. “चोरा! हे वाक्य माझं आहे. त्या परीक्षणातलं! घासून घासून धार लावली होती मी त्याला!”

“तुझंच.” सामातारने दात विचकले. “तुझ्या अख्ख्या मासिकातलं एवढं एकच लोकांच्या तोंडी उरलंय. आणि तेही माझ्या नावावर.”