हिरवी टोपणं

"कुठल्या गाढवाने बसवली ही?" चाकाच्या व्हॉल्ववरचं हिरवं टोपण उस्तादांनी बोटाने उडवून लावलं.

गाडीच्या टायरमध्ये साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरलाय, त्याची ही खूण, असं त्यांच्या मुलाने खालमानेने सांगितलं.

उस्तादांचा पारा चढला. चाळीस वर्षं टायरचं दुकान चालवलं होतं त्यांनी. सारा बाजार त्यांना उस्ताद म्हणायचा. दुकान विकलं, पण दर रविवारी सकाळी नऊच्या ठोक्याला मुलाच्या दारात हजर होऊन गाडीची हवा बघायचा नेम त्यांनी चुकवला नव्हता. आपण नसतो तर ही माणसं केव्हाच रस्त्यात अडकून पडली असती, ही त्यांची पक्की समजूत. हवा बघायला पाच मिनिटं पुरत. मग ते जेवणापर्यंत थांबत. सुनेच्या हाताला चव नाही, तिच्या माहेरच्यांना वळण नाही, नात अभ्यासात आईवर गेलीय, असं सगळं ते मोकळेपणाने सांगत. घरच्यांच्या भल्याचं घरच्यांनी नाही सांगायचं तर कुणी? मागच्या रविवारी नात भरल्या ताटावरून उठून गेली. तिला माणसांत बसायची सवय नाही, हेही त्यांनी लगेच सांगून टाकलं होतं.

आता त्यांनी मुलाला फैलावर घेतलं. साध्या हवेतसुद्धा शंभरात अठ्ठ्याहत्तर भाग नायट्रोजनच असतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. टायरवाल्याच्या पोटी जन्मून हा असा उल्लू बनून आला!

सून ओले हात पुसत पायरीवर आली. उस्तादांपुढे तिने आजवर कधी तोंड उघडलं नव्हतं.

"त्याला बोलू नका, बाबा. गाडी मी नेली होती."

"मग तुला गंडवलं."

"नाही. फारसा फरक पडत नाही, हे दुकानदारानेच सांगितलं. फक्त महिनाभर हवा बघावी लागत नाही म्हणाला."

"आणि तेवढ्यासाठी तू भरलास?"

"तेवढ्यासाठीच."

 उस्ताद मुलाकडे वळले. आता हा बायकोला चार शब्द सुनावेल, म्हणून वाट पाहत राहिले.

मुलगा पायरी चढून बायकोशेजारी जाऊन उभा राहिला.

"महिन्याने या, बाबा," तो म्हणाला. "आणि निघण्याआधी फोन करा."