सखूबाईंच्या बोटातली अंगठी

मनिषानं विनिताची पर्स टेबलावर उपडी केली. कंगवा, घराची किल्ली, डोकेदुखीच्या गोळ्या, अर्धा खाल्लेला बिस्किटाचा पुडा. जासईच्या त्या कंटेनर यार्डाच्या ऑफिसातली सगळी माणसं कामं टाकून बघत उभी होती आणि मनिषाला तेच हवं होतं. अंगठी मात्र निघाली नाही.

"शेवटचं विचारते. सासूबाईंच्या खोलीत अर्धा तास काय करत होतीस?"

"बसले होते, मॅडम. गप्पा मारत."

"आमच्या घरात त्यांच्याशी कोणी पाच मिनिटं बोलत नाही. तुला अर्धा तास बोलायला काय सापडलं?"

आदल्या दिवशी परेशनं, म्हणजे मनिषाच्या नवऱ्यानं, माघी गणपतीला सगळ्या ऑफिसला पनवेलच्या बंगल्यावर जेवायला बोलावलं होतं. सगळे जेवले, बंगल्याचं कौतुक करून गेले. ही विनिता तेवढी मागच्या खोलीत सखूबाईंपाशी जाऊन बसली. खारघरहून येणारी, दोन वर्षं मान खाली घालून काम करणारी पोरगी. संध्याकाळी पाहतात तर म्हातारीचं बोट रिकामं.

अंगठी सासऱ्यांनी, बळीरामांनी, मिठागर त्यांचं होतं तेव्हा केलेली. सासरे गेले, मिठागर गेलं, अंगठी तेवढी राहिली. ती आपोआप पडली म्हणावं तर तेही शक्य नव्हतं. तीन वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नर्सनं साबण लावला, तेल लावलं, दोरा गुंडाळून ओढली, पण जागची हलली नव्हती. म्हणजे कोणीतरी लाडीगोडी लावून, हात चोळून चोळून काढली. म्हातारीला विचारलं तर "तिनं नाय घेतली" एवढंच म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

म्हातारीचं कोण ऐकतो? तसं मनिषा सासूचं सगळं नीट करायची, असं चारचौघांत म्हणत. खोली दोन वेळा पुसून घ्यायची, चादर कायम पांढरीशुभ्र. चादर खराब होते म्हणून तर तिनं सासूचं रात्रीचं जेवण बंद केलं होतं, आणि दिवाळीपासून दुपारचंही निम्म्यावर आणलं होतं. या वयात पचत नाही, असं ती परेशला सांगे. परेशला यार्डाच्या कामातून मान वर करायला फुरसत नव्हती, त्यामुळे त्यालाही ते पटलेलं होतं.

विनिताला त्याच दिवशी कामावरून काढलं. मनिषा तेवढ्यावर थांबली नाही. विनिताचा फोटो आणि खाली 'हिला कामावर घेऊ नका' अशी ओळ तिनं आसपासच्या सगळ्या ऑफिसांच्या ग्रुपवर टाकली. विनिताच्या नवऱ्याला काम नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनिता बंगल्याच्या दारात उभी. डोळे सुजलेले, हातात खणाची पुरचुंडी. तिनं ती ओट्यावर सोडली. तांदूळ, सुपारी, आणि तांदळात अंगठी.

"आज शिजवायला घेतले. निवडताना सापडली."

"कसले तांदूळ?" परेशनं विचारलं.

"ओटीचे, साहेब. आजींनी माझी ओटी भरली होती."

मनिषा खळखळून हसली. विधवा बाई ओटी भरत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. सासरे गेल्यापासून म्हातारीनं हळदीकुंकवाच्या करंड्याला बोट लावलं नव्हतं. "चोर तो चोर, वर शिरजोर," ती म्हणाली. "पोलिसांच्या भीतीनं परत आणलीस ना? मग तसं सांग."

"मीच हट्ट केला, मॅडम. आम्ही पळून लग्न केलं. माझी ओटी ना माहेरी कोणी भरली, ना सासरी. आजी नको नको म्हणत होत्या. मग भरली, आणि म्हणाल्या, कोणाला सांगू नको, मला बोल लागेल. म्हणून काल गप्प बसले."

"मीच भरली," आतून आवाज आला. सखूबाई चौकट धरून उभ्या होत्या. "ओंजलीनं तांदूल घातलं, तवाच गेली आसंल. मना कललाच नाय."

"साबण लावून निघाली नाय ती, आये," परेश म्हणाला. "तांदूल घालताना कशी जाईल?"

त्यानं अंगठी उचलली आणि आईचा हात हातात घेतला. किती दिवसांनी घेतला, ते त्याचं त्यालाच आठवेना. अंगठी बोटात घालावी लागलीच नाही, ती आपली आपण आत गेली. सखूबाईंनी हात खाली सोडला, तशी ती फरशीवर पडली. त्यानं ती मधल्या बोटात घालून पाहिली. पुन्हा पडली. मग अंगठ्यात घातली. तिथूनही ती घरंगळली.

विनितानं मान फिरवली. परेशनं बायकोकडं पाहिलं आणि पाहतच राहिला.

मनिषानं वाकून अंगठी उचलली, ओढणीला पुसली. "त्यात काय एवढं? आजच सोनाराकडं टाकते. लहान करून देईल."

"आज नको टाकू, बाय," सखूबाई समजुतीनं म्हणाल्या. "म्हैन्याभरात परत लहान कराला लागल."